आधी सांगायचं, मग हात लावायचा

प्रिय अहो आई,

नमस्कार-चमत्कार सगळे झालेत असं धरून चाला, कारण ती ओळ वाचताना तुम्ही नेहमी म्हणता, मुद्द्यावर ये. तर मुद्दा असा की तुम्ही फोनवर येत नाही. जाऊबाई बिचाऱ्या फोन तुमच्या कानाशी धरून उभ्या राहतात, मी इकडून अहो आई, अहो आई करत बसते, आणि तुम्ही म्हणे छताकडे बघत पडून असता. परवा तर तुम्ही फोन सरळ उशीखाली सरकवलात. मी बराच वेळ उशीशी बोलत होते! आपल्या बाल्कनीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्या, शेजारच्या शिंपीणबाई रोज तुमची चौकशी करतात, हे सगळं त्या उशीनं ऐकलंय, तुम्ही नाही. मग म्हटलं, पत्रच लिहावं. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईच्या हातात लिहिलेला कागद दिला की ती वाचणारच. निदान चुका काढायला तरी वाचाल.

मला इथे सगळं कळतं, हे आधी सांगते. भाऊजींकडे न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड छान बसलं. डॉक्टर खूश आहेत, भाऊजी खूश आहेत. खूश नाही ते फक्त पेशंट. व्यायाम शिकवायला येणाऱ्या त्या बिचाऱ्या पोरावर तुम्ही उशी फेकलीत म्हणे. त्यानं उचलायला हात पुढे केला तर, मी काय गव्हाचं पोतं आहे का, असं म्हणालात. आई, हसू आलं हो मला, खोटं कशाला बोलू! पण मग जाऊबाई फोनवर रडायला लागल्या आणि माझं हसू जिथल्या तिथे विरलं. डॉक्टरांनी भाऊजींना स्पष्ट सांगितलंय की या दिवसांत उठून बसल्या, उभ्या राहिल्या तर चालतील, नाहीतर अंथरूण कायमचं. आणि तुम्ही काय केलंत, तर भिंतीकडे तोंड फिरवून भाऊजींना सांगितलंत की माझ्यासाठी एखादी संस्था बघ, मला कुणाच्या घरात ओझं होऊन पडायचं नाही.  राग आलाय मला, सांगूनच टाकते. पण हे पत्र भांडायला घेतलेलं नाही. मला आज तुमच्याशी जुनं काहीतरी बोलायचंय, तेव्हा जरा ऐका. म्हणजे वाचा.

बाबांचं आजारपण आठवतं ना? ते शेवटचे महिने, पुढच्या खोलीत त्यांची खाट, आणि मी त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, उशा लावायची. तुम्ही दारात उभ्या राहून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, पण बघायच्या, परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक बघतात तसं. बाबा गेले आणि घर एकदम मोकळं मोकळं झालं. लेक शिकायला बाहेर, हे दिवसभर सुतारकामाच्या शेडमध्ये, आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उगाच फिरत होते. तेव्हा एका दुपारी तुम्ही वर्तमानपत्राचा एक चतकोर तुकडा माझ्यासमोर ठेवलात. आपल्याच रस्त्याच्या टोकाला जे वृद्धांचं शुश्रूषागृह आहे, तिथे मदतनीस हव्या होत्या. तिथे राहणारी माणसं ठिकठिकाणची, कुणाची भाषा कुणाला कळत नाही, म्हणून सगळा कारभार इंग्रजीतून, आणि नोकरीआधी परीक्षा. माणसाला हलवायचं आणि जे करतोय ते त्याला इंग्रजीत सांगायचं. मी म्हटलं, अहो आई, चेष्टा करता का? माझं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि सॉरी, आणि त्यातही कुठलं कधी म्हणायचं याचा घोळ. तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात आणि म्हणालात, तुझ्या हाताला कळतं. तोंडाचं मी बघते.

तोंडाचं बघणं काही सोपं नव्हतं हो तुम्हाला! पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, माझ्याकडे बघा, याचं इंग्रजी कर. मी छाती पुढे काढून म्हटलं, मी ॲट लुक. तुम्ही डोळे मिटलेत. माझं ऐका, याचं मी केलं, लिसन मी. मला हसू नका, याचं केलं, डोन्ट लाफ मी. आणि त्याची वाट बघ म्हटल्यावर वेट हिज! वाट त्याची ना, मग हिज नको का, असा माझा सवाल. इतकी वर्षं शाळेत शिकवूनसुद्धा असलं ऐकलं नव्हतंत तुम्ही. मग शांतपणे, म्हणजे तुमच्या मानानं शांतपणे, समजावलंत. आपल्या भाषेत शेपूट माणसाला चिकटतं, माझ्याकडे, त्याच्यासाठी, तिच्यावर, आणि क्रियापद बसतं सगळ्यात शेवटी, सगळ्यांना वाढून झाल्यावर पानावर बसणाऱ्या बाईसारखं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्याच्यामागे तो चिमुकला शब्द, ॲट, फॉर, टू, आणि त्याच्यामागे माणूस. आणि त्या चिमुकल्या शब्दामागे आलेल्या माणसाचं रूप बदलतं. आय राहत नाही, मी होतं, ही चं हिम होतं, शी चं हर. लुक ॲट मी. वेट फॉर हिम. मी म्हटलं, मराठीतला मी आणि इंग्रजीतला मी यांच्यात माझा गोंधळ उडतोय. तुम्ही म्हणालात, तुझा गोंधळ त्याआधीपासूनचा आहे.

पुढचा धडा तर त्याहून कठीण. पिक अप द टॉवेल म्हण, नाहीतर पिक द टॉवेल अप म्हण, दोन्ही चालतं, पण टॉवेलच्या जागी इट आलं की ते मधेच बसणार, पिक इट अप. माणसाचंही तसंच, टर्न हिम ओव्हर, सिट हर अप. आणि तेवढ्यात सांगितलंत की लुक आफ्टर मात्र वेगळं, तिथे मधे कुणालाही घुसू द्यायचं नाही, लुक आफ्टर हर. मी डोकं धरून बसले. मग जरा विचार करून म्हटलं, म्हणजे उचलायचं, वळवायचं, बसवायचं असेल तर माणूस मधे, आणि सांभाळायचं असेल तर माणूस शेवटी, असं का? तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, असा काही नियम नाही, पण तुझ्या डोक्यात राहणार असेल तर राहू दे. तुम्ही मला दिलेली ती एकुलती एक सूट असावी.

पण खरं शिकवणं सुरू झालं ते तुम्ही कागद-पेन्सिल फेकून दिल्यावर. कितीही लिहा, मला आपलं सगळं उलटंपालटं आठवायचं. घाईबाई हे नावही तुम्ही तेव्हाच ठेवलंत, कारण वाक्य अर्धं तोंडात असताना माझा हात पुढे गेलेला असायचा. एका दुपारी तुम्ही तावातावानं उठलात, बाबांच्या खाटेवर जाऊन आडव्या झालात आणि म्हणालात, मी पेशंट. मला हलव. पण आधी सांग, इंग्रजीत, आणि वाक्य बरोबर असल्याशिवाय मी हलणार नाही. बाई गं! बाबांचा जुना चामड्याचा पट्टा तुम्ही कमरेला बांधायच्या, माझ्या धरण्यासाठी, आणि त्याला हातोडी-खिळ्यानं एक जादा भोक पाडलं होतंत. मी म्हणायची, आय ॲम गोइंग टू टर्न ओव्हर यू. तुम्ही दगड. नुसतं म्हणायच्या, पुन्हा. टर्न यू ओव्हर, असं आलं की मग कुठे तुमचा गुडघा वाकायचा आणि मी तुम्हाला कुशीवर घ्यायची. होल्ड ऑन मी म्हटलं की पुन्हा. होल्ड ऑन टू मी म्हटलं की तुमचे हात माझ्या दंडावर यायचे. म्हणजे माझी सवयच झाली, आधी बोलायचं, मग थांबायचं, तुमचं पुन्हा येतंय का बघायचं, आणि ते आलं नाही तरच हात लावायचा. रोज दुपारी हा उद्योग. एकदा तुमचा घसा बसला म्हणून ह्यांना पेशंट केलं, तर तिसऱ्या वाक्याला हे घोरायला लागले, आठवतं? तुम्ही म्हणालात, हा पेशंट काही सुधारायचा नाही.

आणि ट्रस्ट मी वरून झालेलं आपलं भांडण! माझ्यावर विश्वास ठेवा, याचं मी ट्रस्ट ऑन मी करायची. तुम्ही शंभरदा सांगितलंत की तिथे ऑन नको. मी म्हटलं, इतक्या सगळ्यांना एकेक चिमुकला शब्द दिलात, याच्याच वाट्याला का नाही? विश्वास माझ्यावर ठेवायचा ना, मग तो वर कुठे गेला? तुम्ही म्हणालात, ट्रस्टला मधे कुणी लागत नाही. मग खाटेवर पडल्या पडल्या हात पुढे केलात आणि म्हणालात, चल, उठव मला आता. त्या वेळी मला एकदम जाणवलं, आई, की लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तुमच्या अंगाला माझा हात कधी लागलाच नव्हता. लागला असेल तर चहाचा कप देताना बोटाला बोट. तुम्हाला कुणी जवळ आलेलं आवडायचं नाही, हे सगळ्या घराला ठाऊक. ह्यांनासुद्धा तुम्हाला मिठी मारल्याचं आठवत नाही. आणि त्याच तुम्ही रोज दुपारी माझ्या गळ्यात हात टाकून उठत होतात, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवत होतात, तुमच्या केसांच्या तेलाचा वास माझ्या ब्लाऊजला यायचा. मी माहेरी फोन करून माझ्या आईला म्हटलं, अगं आई, माझी अहो आई मला दुपारी जवळ घेते! तिला वाटलं मला ताप आलाय.

परीक्षेची गोष्ट मी तुम्हाला तेव्हा घाईघाईत सांगितली, कारण तुमचा पहिला प्रश्न, पास की नापास, एवढाच होता. आज सावकाश सांगते. खोलीत एक खाट, बाजूला भिंगाचा चष्मा साखळीला अडकवलेल्या परीक्षक बाई, आणि खाटेवर पेशंट म्हणून एक निवृत्त बसचालक, चांगले धिप्पाड, डोळे मिटून पडलेले. माझ्या आधीच्या मुली फटाफट आत जाऊन बाहेर येत होत्या.  मी गेले, वाकले, म्हटलं, आय ॲम गोइंग टू टर्न यू ओव्हर. वाक्य बरोबर आलं. आणि मी थांबले. का थांबले? तर तुमचं पुन्हा येतंय का ते ऐकायला! इतक्या दुपारींच्या सवयीनं माझे हात जागचे हलेचनात. तुम्ही तर तिथे नव्हतात, आणि मी आपली वेड्यासारखी त्या बसचालकाच्या तोंडाकडे बघत उभी.  परीक्षक बाईंनी मान वर केली. मी मनात म्हटलं, गेलं सगळं, आता या म्हणणार ही बाई पुढचं विसरली. तेवढ्यात त्या माणसानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मी काहीच करत नाहीये आणि नुसती बघतेय, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो म्हणाला, ऑल राइट. मग मी त्याला वळवलं. बसवायच्या आधी पुन्हा सांगितलं, पुन्हा थांबले. या वेळी तो लगेच म्हणाला, यस. उभं करताना तर त्यानं स्वतःच हात पुढे केले. इतरांपेक्षा मला कितीतरी जास्त वेळ लागला. मी खाली मान घालून निघणार, तर परीक्षक बाईंनी विचारलं, हे थांबायला तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माय मदर-इन-लॉ. आणखी काही सुचेना म्हणून पुढे म्हटलं, शी लाफ्स ॲट मी. तो बसचालक खाटेच्या काठावर बसून हसायला लागला. म्हणाला, सकाळपासून मला नुसतं इकडून तिकडे ढकलत होते, मला विचारलं कुणी नव्हतं.

घरी येऊन मी एवढंच सांगितलं की पास झाले आणि बाईंना तुमच्याबद्दल सांगितलं. काय सांगितलंस, असं विचारलंत. मी वाक्य म्हणून दाखवलं. तुम्ही म्हणालात, हं, ॲट लावलंस ना? आणि आत निघून गेलात. स्वयंपाकघरात तुम्ही डोळे पुसलेले मी पाहिले होते, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही म्हणाल कांदा होता. कांदा नव्हता, दूध तापत होतं.

तेव्हापासून तिथेच आहे मी. रोज सकाळी गणवेश चढवते आणि त्या लांबच लांब व्हरांड्यात एकेका दारावर टकटक करत जाते. आतली माणसं वेगवेगळी. एक आजोबा आहेत, कधीकाळी मोठ्या गोदीत क्रेन चालवायचे, त्यांना उभं करायच्या आधी सांगावं लागतं की आता भार उचलतोय, मग त्यांचा चेहरा कसा खुलतो! एक आजी आहेत, त्या रोज सकाळी नाहीच म्हणतात. त्यांचं नाही ऐकून मी खिडकीचे पडदे सरकवते, पाणी भरते, परत येते, पुन्हा सांगते, आणि मग त्या हो म्हणतात. त्यांना एकदा नाही म्हणू द्यायचं असतं, बस्स. आमच्या मुख्य परिचारिका म्हणतात की तुझ्या हातचे पेशंट कुरकुरत नाहीत. मी काय सांगू त्यांना? हे माझं नाहीच हो. मला तर वाक्य चुकायची भीती होती म्हणून मी थांबायला शिकले. पण त्या थांबण्यानं मला काम दिलं, मान दिला, सकाळी उठून कुठेतरी जायला एक जागा दिली. बाबा गेल्यावर मी कशी झाले होते ते तुम्ही एकट्यांनीच पाहिलं होतं. तुम्ही तो वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला नसता तर मी अजून या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. तुमचे उपकार वगैरे म्हटलं तर तुम्हाला आवडायचं नाही. पण आई, मी रोज मनात म्हणते ते आज कागदावर म्हणते. तुम्ही मला माझ्या पायावर उभं केलंत, आणि त्याबद्दल मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही, कारण तुमच्याशी असलं बोलायची सोयच नसते.

आता एक गोष्ट, जी आपण दोघींनी कधीच बोलून दाखवली नाही. मी कामाला लागल्यावर आपल्या दुपारच्या शिकवण्या बंद झाल्या. आणि मग कधीतरी, तुमचे गुडघे दुखायला लागले त्या सुमाराला, तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या मला हाक मारलीत, घाईबाई, सराव राहिला असेल ना तुझा? ये, उठव मला. मी दिवसभर तोच सराव करून घरी आलेली! तरी मी आले, वाक्य म्हटलं, थांबले, तुम्ही हं म्हणालात, आणि मी तुम्हाला उठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. न्हाणीघरात जाताना सराव, पायरी उतरताना सराव. घरात पाहुणे असले की तुम्ही मोठ्यानं म्हणायच्या, हिची परीक्षा घेतेय मी. मी मान डोलवायची. मला सगळं कळत होतं, आणि मला कळतंय हे तुम्हालाही कळत होतं, आणि आपण दोघी कशा सोंगाड्यांसारख्या त्या इंग्रजी वाक्यांच्या आडून एकमेकींना धरत होतो. भाऊजींकडे राहायला निघालात तेव्हा मी म्हटलंसुद्धा, तिकडे सराव कोण करेल? तुम्ही म्हणालात, तिकडे माझं काही अडत नाही. आणि तिथेच अडलं. जाऊबाईंचा काही दोष नाही, त्या जीव टाकतात तुमच्यावर. पण त्यांना आपली ही पद्धत ठाऊक नाही. त्या प्रेमानं एकदम हात घालतात, आणि तुम्ही दगड होता. तो व्यायामवाला पोरगाही तेच करतो. तुमचं चुकतंय असं मला कुठेच वाटत नाही. न सांगता उचललं तर मीही उशी फेकीन.

आणि ते ओझ्याचं म्हणाल, तर मी दिवसभर माणसं उचलते, मला ओझं कशाला म्हणतात ते कळतं. संस्था बघ म्हणालात. अहो, मी संस्थेतच आहे की! चांगली जागा आहे, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती आहे. पण तुम्हाला ती नकोय, तुम्हाला फक्त आमच्यापुढे पडून राहायची लाज वाटतेय. तुमच्या धाकट्या चिरंजीवांनी इकडे काय चालवलंय ते ऐका. बाबांची खाट शेडमधून परत आणून तिचे पाय उंच केलेत, म्हणजे उठताना तुमच्या गुडघ्यावर जोर यायला नको. तुमच्या खुर्चीचेही तसेच. न्हाणीघरात आणि बोळात दोन्ही बाजूंनी लाकडी कठडे ठोकलेत, घासून इतके गुळगुळीत केलेत की हात फिरवत राहावंसं वाटतं. फक्त पहिला कठडा ह्यांनी स्वतःच्या उंचीनं ठोकला, तो माझ्या कानाला लागायचा. मी हसले तर म्हणाले, आई उंच आहे. मग शांतपणे सगळा काढून पुन्हा ठोकला. काही बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहेत. पण रोज संध्याकाळी त्या खाटेवर बसून, उठून बघतात, दणकट आहे ना म्हणून.

तर आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मी रजा टाकून ठेवली आहे, ह्यांनी एक मोठी गाडी सांगून ठेवली आहे, आणि बाबांचा तो पट्टा तेल लावून मऊ करून पिशवीत ठेवला आहे. भाऊजींशी आणि डॉक्टरांशी बोलणं झालंय, ते म्हणतात, त्या तयार असतील तर न्या. भाऊजी म्हणाले, तू सरळ ये आणि घेऊन जा तिला, विचारत बसलीस तर ती नाहीच म्हणणार. आई, मी तसं करणार नाही. तुम्ही मला तसं शिकवलेलं नाही. म्हणून हे आधी सांगतेय, आणि मराठीत सांगतेय, म्हणजे चूक काढायला जागा नको. मी येईन आणि तुमच्या खाटेशी बसेन. मी तुम्हाला कुशीवर वळवणार आहे, दुखऱ्या बाजूला उशी देऊन. मग पाय खाली सोडून बसतं करणार आहे. मग पट्टा बांधीन, तुम्ही माझ्या दंडाला धराल, आणि मी तुम्हाला उभं करणार आहे. तेवढ्यानं दमलात तर तिथेच थांबू, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मग मी तुम्हाला आपल्या घरी आणणार आहे, रोज दुपारी सराव करायला, आणि या वेळी सराव तुमचा. हे सगळं सांगून झालं. आता मी थांबले आहे. हात लावलेला नाही. उशीखालचा फोन काढा आणि मला एक शब्द सांगा. पुन्हा म्हणालात तरी चालेल, मी पुन्हा लिहीन, हवं तितक्या वेळा लिहीन. पण हो तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला.

तुमच्या उत्तराची वाट बघत, जागची न हललेली,

तुमचीच,
घाईबाई